गाळून टाकलं तरी अभिक्रिया थांबेना: उत्प्रेरक नेमका कुठे काम करतोय?

आधी लक्षण सांगतो. पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनच्या पावडरीवर बसवलेला पॅलेडियम धातू) घेऊन सुझुकी कपलिंग (दोन सेंद्रिय तुकडे कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी अभिक्रिया) लावलंय. पहिल्या तीन वेळा उत्पन्न नव्वदीच्या घरात. दर वेळी पावडर गाळायची, धुवायची, वाळवायची आणि पुन्हा वापरायची. चौथ्यांदा तीच पावडर, तेच प्रमाण, तेच तापमान, आणि उत्पन्न एकदम निम्म्याखाली. मग कोणीतरी सांगतं, "नीट धुतली नसशील." मलाही तेच सांगितलं होतं, आणि मी दोन आठवडे धुण्याचे प्रकार बदलत बसलो: पाणी, मेथनॉल, ॲसिटोन, गरम पाणी, पुन्हा पाणी. एका दुपारी घाईत गाळलेलं द्रावण तसंच गरम प्लेटवर विसरलो. संध्याकाळी सहज टीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी पट्टी) लावली, तर सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका दुपारपेक्षा फिका झालेला. उत्प्रेरक गाळणकागदावर वाळत पडलाय आणि अभिक्रिया फ्लास्कमध्ये चालूच आहे!

ही अडचण घेऊन दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी येतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. उदाहरणं बहुतेक पॅलेडियमची आहेत, कारण या बाबतीत त्याच्याइतका लबाड धातू मी हाताळलेला नाही.

व्याख्या कुठे दगा देते

पुस्तकात लिहिलेलं असतं: उत्प्रेरक आणि अभिकारक एकाच प्रावस्थेत (एकाच एकजीव घन, द्रव किंवा वायूत) असले तर समांगी उत्प्रेरण, वेगळ्या प्रावस्थेत असले तर विषमांगी. आम्ल घालून एस्टर बनवलं, तर समांगी. सल्फर डायऑक्साइडचं ऑक्सिडीकरण जुन्या लेड चेंबर पद्धतीत नायट्रोजनच्या ऑक्साइड वायूंनी व्हायचं, तेही समांगी. तेच काम संपर्क पद्धतीत व्हॅनेडियम पेंटॉक्साइडवर होतं, म्हणून ते विषमांगी. अमोनियासाठी लोखंड वापरतात, तेही विषमांगी. परीक्षेपुरतं एवढं ठीक आहे. (खरं तर संपर्क पद्धतीतला व्हॅनेडियम काम करतो त्या तापमानाला सिलिकाच्या छिद्रांत वितळलेल्या पायरोसल्फेटमध्ये विरघळलेला असतो. वायूच्या हिशोबाने प्रावस्था तरीही वेगळीच, त्यामुळे उत्तर बदलत नाही. पण मनातलं घट्ट पृष्ठभागाचं चित्र मात्र जातं.)

व्याख्या चुकीची नाही. ती आपण चुकीच्या जागी लावतो. ती लावायची असते काम करणाऱ्या धातूला, आणि आपण लावतो बाटलीवरच्या लेबलला. फ्लास्कमध्ये टाकलेली वस्तू घन होती म्हणून उत्प्रेरण विषमांगी, हे अनुमान आहे, निरीक्षण नाही. विचारायचं ते असं: जुना बंध तुटून नवा जुळतो त्या क्षणी धातूचा अणू कुठे असतो? द्रावणात सुटा, आपले लिगंड (धातूला धरून बसलेले रेणू) घेऊन फिरत असतो, की पृष्ठभागावर शेजारच्या धातूच्या अणूंना खेटून बसलेला असतो?

ही चूक नवशिक्यांचीच असते असं नाही. १९३८ साली ओटो रोएलेन यांना जर्मनीत रुर्खेमी कंपनीत हायड्रोफॉर्मिलेशन (अल्कीनपासून अल्डिहाइड बनवणारी अभिक्रिया) सापडलं, ते कोबाल्ट असलेला घन उत्प्रेरक वापरत असताना. पुढे उलगडा झाला की अल्कीनवर खरं काम करणारा घटक म्हणजे कोबाल्टचा विरघळलेला कार्बोनिल हायड्राइड. घन पदार्थ नुसता कोठार होता. गंमत पाहा, त्याच अभिक्रियेचं एक रूप १९८४ पासून ऱ्होडियम वापरून दोन द्रवांत चालवलं जातं. ऱ्होडियम पाण्यात विरघळलेलं, उत्पादन वरच्या तेलकट थरात. डोळ्यांना दोन प्रावस्था दिसतात, पण उत्प्रेरण रेणूंच्या पातळीवर समांगीच आहे.

आधी पुनर्वापराचा तक्ता नीट वाचा

"पाच वेळा वापरला, उत्पन्न घटलं नाही" असा स्तंभालेख दिसला की मी आधी अभिक्रियेचा वेळ बघतो. समजा ताज्या उत्प्रेरकाने काम एका तासात संपतं, पण आपण दर वेळी बारा तासांनीच उत्पन्न मोजतो. आणि समजा दर फेरीत सक्रियता घटून एक तृतीयांश उरते. मग दुसऱ्या फेरीला तीन तास लागतील, तिसरीला नऊ, चौथीला सत्तावीस. बारा तासांनी मोजलं तर पहिल्या तिन्ही फेऱ्या पूर्ण दिसतात, आणि चौथीत, गती एकसारखी धरली तर, जेमतेम ४४ टक्के. आमच्या फ्लास्कमध्ये साधारण असंच घडत होतं. उत्प्रेरक चौथ्या फेरीत मेला नव्हता. तो पहिल्यापासूनच मरत होता, आणि आमचे बारा तास ते झाकत होते.

तेव्हा प्रत्येक फेरीत पहिल्या वीस-तीस टक्के रूपांतरातच नमुने काढा आणि सुरुवातीची गती काढा. दहा मिनिटांच्या अंतराने चार-पाच नमुने, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) अंतर्गत मानकासह, म्हणजे तुलनेसाठी मोजून घातलेल्या पदार्थासह. कंटाळवाणं काम आहे, पण इथे दुसरा रस्ता नाही.

गरम गाळणी, आणि ती बिघडवण्याचे मार्ग

मुख्य चाचणी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीची केली जाते तीही हीच. कल्पना सोपी आहे: अभिक्रिया अर्धवट असताना, त्याच तापमानाला, घन उत्प्रेरक गाळून काढायचा आणि खालचं द्रावण तसंच गरम ठेवून पुढे काही होतं का ते बघायचं. पुढे गेली, तर द्रावणात काहीतरी सक्रिय आहे. थांबली, तर... थांबा, लगेच "विषमांगी" लिहू नका.

पहिली गडबड तापमानाची. आर्यल हॅलाइड (बेंझिनसारख्या वलयावर हॅलोजन असलेला सुरुवातीचा पदार्थ) पॅलेडियमच्या पृष्ठभागावर बसतं, ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन होते, म्हणजे धातूचा अणू कार्बन-हॅलोजन बंधात शिरतो, आणि तो अणू पृष्ठभाग सोडून द्रावणात उतरतो. काम झालं, हॅलाइड संपत आलं किंवा द्रावण गार झालं, की अणू परत कार्बनवर जाऊन बसतात. म्हणून शेवटी गार करून गाळलं तर द्रावण निर्मळ सापडतं आणि आपण निर्धास्त होतो. गाळणी तीस-चाळीस टक्के रूपांतराला करायची. फनेल, सिरिंज, फिल्टर, ज्या फ्लास्कमध्ये गाळायचं तो फ्लास्क, सगळं आधी तापवून ठेवायचं, आणि मूळ अभिक्रिया नायट्रोजनखाली असेल तर गाळणीही नायट्रोजनखालीच करायची.

दुसरी गडबड फारच साधी आहे, म्हणूनच ती सुटते. सुझुकीत बेस म्हणून बहुतेक वेळा पोटॅशियम कार्बोनेट असतं, आणि सेंद्रिय द्रावकात त्याचा मोठा भाग न विरघळता तळाशी राहतो. गाळताना उत्प्रेरकाबरोबर तोही गाळला जातो. मग अभिक्रिया थांबणारच, बेसच उरला नाही ना! गाळलेल्या द्रावणात ताजा, तापवलेला बेस घाला आणि मगच घड्याळ लावा. माझ्या पहिल्या "यशस्वी" गाळणीत मी हेच विसरलो होतो, आणि तो निकाल गटाच्या बैठकीत छाती पुढे काढून दाखवलाही होता.

तिसरी गडबड छिद्रांची. सिरिंजवरचा नेहमीचा फिल्टर ०.२ मायक्रॉनचा, म्हणजे २०० नॅनोमीटरचा. पॅलेडियमचा नॅनोकण असतो दोन ते पाच नॅनोमीटरचा. दरवाज्याच्या रुंदीच्या चाळीस ते शंभर पटीने लहान वस्तू त्यातून आरामात जाते. त्यामुळे गाळल्यावर अभिक्रिया चालू राहिली तर "द्रावणात काहीतरी आहे" एवढंच सिद्ध होतं. ते सुटे रेणू आहेत की तरंगते कण, हे गाळणी सांगत नाही. आणि उलटही घडतं: फिल्टरच्या पडद्याला किंवा सेलाइटला (गाळायला वापरतात त्या पावडरीला) विरघळलेला धातू चिकटला, तर नसलेली शुद्धता दिसते.

तुलनेसाठी तोच फ्लास्क दोन भागांत वाटा. अर्धा गाळा, अर्धा न गाळता सिरिंजने तसाच हलवा. हलवण्यानेच अभिक्रिया मंदावली असेल तर दुसऱ्या भागात कळेल.

आयसीपीचा (द्रावणातला धातू मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा "नगण्य" कधी असतो?

"द्रावणात फक्त २ पीपीएम पॅलेडियम, म्हणजे लीचिंग (धातू द्रावणात उतरणं) नगण्य." हे वाक्य प्रबंधात दिसलं की मी पेन्सिल घेतो. १ मिलिमोल आर्यल ब्रोमाइड, १ मोल टक्का पॅलेडियम, ५ मिलिलिटर द्रावक. पॅलेडियम ०.०१ मिलिमोल, म्हणजे सुमारे १.०६ मिलिग्रॅम. त्यातलं एक टक्का द्रावणात उतरलं तर १०.६ मायक्रोग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये साधारण २ पीपीएम. मोलमध्ये ते ०.०१ मोल टक्का. ही सगळी अभिक्रिया एवढ्याच धातूने करायची तर प्रत्येक अणूने दहा हजार फेऱ्या मारायच्या. अशक्य वाटतं? लिगंड न घालता फक्त ०.०१ ते ०.१ मोल टक्का पॅलेडियमने चालणाऱ्या हेक अभिक्रिया (पॅलेडियमवरचीच दुसरी एक कपलिंग) चांगल्या नोंदवलेल्या आहेत, आणि तिथे धातू कमी केला की प्रत्येक अणूमागची गती उलट वाढते, कारण अणूंना एकत्र येऊन काळा गाळ बनायला जोडीदार कमी भेटतात.

म्हणजे ९९ टक्के धातू कार्बनवर सुरक्षित बसलेला असू शकतो आणि सगळं काम उरलेला एक टक्का करत असू शकतो. आयसीपी धातू किती आहे ते सांगतं, तो काम करतोय का ते सांगत नाही. आणि नमुना शेवटी, गार झाल्यावर घेतला असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे किती आहे तेसुद्धा धड सांगत नाही.

विष घालून करायच्या चाचण्या

पारा. पॅलेडियम, प्लॅटिनम यांच्या कणांशी पारा मिश्रधातू करतो किंवा त्यांच्या पृष्ठभागावर पसरतो, त्यामुळे कणांचं काम थांबतं. म्हणून भरपूर पारा टाकून अभिक्रिया थांबली तर विषमांगी, असं धरायची रीत पडली. पण पारा काही विरघळलेल्या पॅलेडियम संयुगांशीही अभिक्रिया करतो, आणि ऱ्होडियम, रुथेनियम, इरिडियमशी मिश्रधातू सहज करत नाही. ढवळणं कमी पडलं तर पाऱ्याचा थेंब तळाशी गप्प बसतो आणि चाचणी "नकारात्मक" येते. गरम फ्लास्कमध्ये पाऱ्याची वाफ होते ते वेगळंच. मी आता ही चाचणी करत नाही. कुणी केलीच, तर तिच्या एकटीच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये.

मला आवडते ती मोजून विष (उत्प्रेरकाला बंद पाडणारा पदार्थ) घालण्याची चाचणी. तिच्यामागे साधी भूमिती आहे. ३०९ अणूंचा, सुमारे दोन नॅनोमीटरचा घनअष्टफलकी कण घेतला, तर त्यातले १६२ अणूच पृष्ठभागावर असतात. १४७ आत गाडलेले, त्यांना विष देण्याची गरजच नाही. कण आणखी मोठा असेल तर गाडलेल्यांचं प्रमाण आणखी वाढतं. त्यामुळे एकूण धातूच्या एका मोलमागे एकापेक्षा बऱ्याच कमी मोल कार्बन डायसल्फाइडने किंवा फॉस्फीनने (धातूला बांधणाऱ्या फॉस्फरसच्या लिगंडने) काम पूर्ण थांबलं, तर ते कणांवर चाललंय असा जोरदार इशारा मिळतो. सुट्या रेणूंना बंद पाडायला साधारण प्रत्येक अणूमागे निदान एक विष लागतं. एक पथ्य: कार्बन डायसल्फाइड ५० अंश सेल्सिअसच्या वर धातूवरून सुटू लागतं, त्यामुळे ९० अंशांच्या सुझुकीत त्याचा उपयोग नाही. आणि खरोखर सक्रिय अणू थोडेच असतील, तर हे गणित दोन्हीकडून फसतं.

उलट बाजूने पकडायचं तर न विरघळणारा पॉली(व्हिनिलपिरिडीन) किंवा थायॉल (धातूला पकडणारा गंधकाचा गट) बसवलेली सिलिका टाका. हे दोन्ही स्वतः घन असल्यामुळे कार्बनच्या छिद्रांत शिरत नाहीत, फक्त द्रावणातला सुटा धातू पकडतात. ते टाकल्यावर अभिक्रिया थांबली तर कामकरी द्रावणात होता. पॅलेडियम ऑन कार्बनवर सुझुकी करणाऱ्याने एकच जादा चाचणी करायची म्हटलं तर मी हीच सुचवेन. विरघळलेल्या संयुगांनाच निवडून बांधणारा डायबेंझोसायक्लोऑक्टाटेट्राईन हा लिगंड रॉबर्ट क्रॅबट्री यांनी १९८२ च्या सुमारास या कामाला लावला. कल्पना सुंदर आहे, पण तो बनवण्यात वेळ फार जातो.

तीन प्रावस्थांची चाचणी मात्र जमली तर जरूर करा. १९७० च्या दशकात ज्युलियस रेबेक यांनी मांडलेली ही युक्ती: आर्यल हॅलाइड रेझिनच्या मण्यावर बांधून टाकायचं. कार्बनचा कण आणि रेझिनचा मणी, दोन्ही घन, एकमेकांच्या आत शिरू शकत नाहीत. तरीही मण्यावर कपलिंग झालेलं सापडलं, तर दोघांमध्ये कोणीतरी ये-जा करत होतं. फ्लास्कमध्ये थोडं सुटं आर्यल हॅलाइडही घाला, नाहीतर धातूला पृष्ठभागावरून उचलणारंच कोणी नसतं आणि चाचणी खोटी नकारात्मक येते.

कोरी चाचणी: उत्प्रेरक न घालता

हे खरं तर पहिल्यांदा करायचं, आणि आपण करतो शेवटी. २००३ मध्ये निकोलस लेडबीटर यांच्या गटाने कुठलाही संक्रमण धातू न घालता सुझुकी होते असं प्रसिद्ध केलं. २००५ मध्ये त्याच गटाने कारण शोधून जाहीर केलं: बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये असलेलं ५० पीपीबीच्या आसपासचं पॅलेडियम. स्वतःच्याच दाव्यामागचं भूत स्वतः शोधून छापणं, याला मन लागतं. २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी लोखंडी क्लोराइडच्या नावावर खपलेल्या काही अभिक्रियांत तांब्याचा अंश जबाबदार असल्याचं दाखवलं.

मग आपल्या हाताखाली काय असतं? ढवळायची चुंबकीय कांडी. तिचं पांढरं टेफ्लॉन नीट बघा: जुनी कांडी करडी पडलेली असते, बारीक चरे असतात, आणि चऱ्यांत मागच्या प्रयोगांचा धातू अडकलेला असतो. अशा कांड्या न घातलेल्या उत्प्रेरकाचं काम करू शकतात, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. कोऱ्या चाचणीला नवा फ्लास्क, नवी कांडी, नवा बेस. जुना फ्लास्क अम्लराजाने धुणार असाल तर धूरपेटीतच, ॲसिटोनचा थेंबही आसपास नको, आणि उरलेलं अम्लराज झाकण लावून ठेवायचं नाही.

उलटी तक्रार: टाकलं विरघळणारं, झालं काळं

दुसऱ्या टोकाची माणसं येतात ती अशी: विरघळणारं छान संयुग घातलं, अर्धा तास काहीच झालं नाही, मग अभिक्रिया एकदम सुटली, आणि शेवटी फ्लास्कच्या काचेवर चंदेरी-काळा थर. वेळेनुसार रूपांतराचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा. सुरुवातीची ती शांतता म्हणजे बहुतेक वेळा घातलेलं संयुग मोडून दुसरंच काही बनण्याचा वेळ. हायड्रोजनखाली बेंझिनसारखी वलयं हायड्रोजनीकृत करणाऱ्या "समांगी" उत्प्रेरकांबाबत तर मी कण सापडेपर्यंत कणांवरच संशय ठेवतो.

तरीही काळा थर दिसला म्हणून कणांनीच काम केलं असं होत नाही. काळं पॅलेडियम हे काम संपलेल्यांचं स्मशानही असू शकतं. तो थर असलेला फ्लास्क रिकामा करून, हळुवार धुऊन, त्यात ताजे अभिकारक घाला. सुरुवातीची शांतता न येता लगेच अभिक्रिया सुरू झाली तर थर (किंवा त्यातून उतरणारं काहीतरी) सक्रिय आहे. काहीच झालं नाही तर तो मेलेला धातू. टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे) फोटो इथे फार मदत करत नाहीत. सूक्ष्मदर्शी काय आहे ते दाखवतो, आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली संयुगातूनच कण तयार होण्याची शक्यता असते.

कळल्यावर काय करायचं

विरघळणारं संयुग काळं पडत असेल: द्रावक नीट डीगॅस करा (विरघळलेली हवा काढा), कारण ऑक्सिजन फॉस्फीनला ऑक्साइड करून टाकतो आणि पॅलेडियम उघडं पडतं. फॉस्फीन थोडं वाढवा. आणि धातू कमी करून बघा. हे पटायला वेळ लागतो, पण वर सांगितलेल्या कारणाने कमी धातूनेच काम जास्त टिकू शकतं.

खरोखर पृष्ठभागावरच काम चालत असेल आणि तो मंदावत असेल, तर छिद्रांत अडकलेले मीठ आणि डांबरासारखे पदार्थ, नाहीतर कण एकत्र येऊन फुगणं, ही दोन कारणं आधी तपासा. मीठ पाण्याने जातं. फुगलेले कण धुण्याने बारीक होत नाहीत. हायड्रोजनखाली वापरलेला पॅलेडियम ऑन कार्बन गाळताना कोरडा पडू देऊ नका, तो हवेत आपोआप पेट घेतो.

आणि धातू उतरतच असेल, तर ते मान्य करून पुढचं ठरवा. घन उत्प्रेरक हा सोयीचं कोठार म्हणून वापरायला हरकत नाही, फक्त त्याला तसं म्हणायचं. औषधाच्या रेणूसाठी चाललं असेल तर शेवटी थायॉल सिलिकेवरून फिरवून धातू काढावाच लागतो. तोंडावाटे घ्यायच्या औषधात पॅलेडियमची आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे.

आमच्या पावडरीचं काय झालं? थायॉल सिलिका टाकल्यावर ती अभिक्रिया दहा मिनिटांत ठप्प झाली. आम्ही पॅलेडियम ऑन कार्बन बाजूला ठेवला, साधं पॅलेडियम ॲसिटेट ०.०५ मोल टक्का घेतलं, आणि त्याच अभिकारकांवर तेच उत्पन्न आलं. पुनर्वापराचं प्रकरण प्रबंधातून गेलं. त्या जागी गरम गाळणीचे आलेख आले, बेस घातलेले आणि न घातलेले, दोन्ही.